जमलं की सूत!

ऑफिसच्या टीम बिल्डिंगसाठी लोणावळ्याच्या रिसॉर्टवर जाऊन आला असाल, तर दोरीखेच, फुगे फोडणे वगैरे प्रकार तुम्हाला पाठ असतील. सोमवारी पुन्हा आपापलं क्युबिकल आणि आपापला हेडफोन!

आता जरा मारेगावकडे चला. यवतमाळ जिल्ह्यातला हा तालुका, पांढऱ्या सोन्याचा मुलूख. अशा तालुक्यांच्या कॉलेजात बरीच पोरं 'अप-डाऊन'वाली. सकाळी एस.टी.नं यायचं, लेक्चर्स संपली की स्टॅण्ड गाठायचा. कट्टा जमणार कधी? कोलाम पोडावरचा मुलगा शेवटच्या बाकावर गप्प बसतो आणि तीन वर्षं एका वर्गात काढूनही कित्येकांना त्याचं नाव माहीत नसतं.

गंमत म्हणजे यातल्या अनेकांनी सुट्टीत कापूस वेचलेला असतो, पण त्याचं सूत होताना पाहिलेलं नसतं. गाडी जिनिंगला गेली की आपला संबंध संपला!

यावर उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात शोधलं गेलं होतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम आखला आणि हस्तोद्योग शिक्षणाच्या मधोमध आला. तीच नयी तालीम. सेवाग्रामचं 'आनंद निकेतन' २००५ मध्ये पुन्हा सुरू झालं, तेही याच वाटेनं. पण ती शाळा. कॉलेजच्या पोरांना टकळी म्हटलं की दोन ऑक्टोबरचा फोटोच आठवतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. आपणच तिला हार घालून ठेवलंय.

खरं तर टकळी म्हणजे धमाल आहे. सरकी काढायची, कापूस पिंजायचा, पेळू वळायचे. मग पेळूचं टोक अडकवून टकळीला गिरकी द्यायची आणि हात वर न्यायचा. तुटलं! पुन्हा जोडा. पहिल्या दिवशी सगळ्यांचंच तुटतं, नव्वद टक्केवाल्याचंही. हात गुंतलेले, तोंड मोकळं, त्यामुळे गोल करून बसलं की गप्पा आपोआप सुरू होतात.

एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर यासाठी आयतंच आहे. दिवसा श्रमदान होतं, संध्याकाळी भाषणं होतात. त्यातलं एक भाषण कमी केलं तर कुणी रडणार नाही! तिथे बांबूही आणावा. टोपल्या विणणं हे कोलामांचं जुनं कसब. ज्याच्या घरी ते अजून टिकलंय, तो शेवटच्या बाकावरचा मुलगा त्या संध्याकाळी सर होतो. बांबूच्या पट्ट्या कशा काढायच्या, हे विचारायला बाकीच्यांना त्याच्याकडेच जावं लागतं, आणि त्यासाठी आधी नाव विचारावं लागतं.

यातून कुणाचं पोट भरेल असं मी म्हणणार नाही. कापसाला भाव मिळणं हा वेगळा, मोठा प्रश्न आहे. पण टकळी दप्तरात मावते आणि एस.टी. लेट असली तरी स्टॅण्डवर चालते.