किर्लोस्करवाडीचे रखवालदार

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावचं बस्तान हलवून कुंडलजवळच्या माळावर नांगरांचा कारखाना उभारायला घेतला. निवडुंग आणि सापांनी भरलेली ती जमीन औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी दिली, वर भांडवलाला मदतही केली. हा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक असतो. पण त्या नव्या वसाहतीची रात्रीची राखण लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांवर सोपवली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. माळरानावर एकटी वसलेली वस्ती, आत यंत्रं, कामगारांची बायका-मुलं, आणि बाहेर काठी-कंदील घेऊन फिरणारा माणूस शिक्षा भोगून आलेला. लक्ष्मणराव त्याला माती वाहायला लावू शकले असते. तेही कामच होतं. त्यांनी त्याला राखण दिली, आणि मला वाटतं, सुटलेल्या कैद्याच्या रोजगाराचा सगळा प्रश्न त्या निवडीत आहे.

आज असा रखवालदार नेमणं बेकायदा ठरेल. खाजगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा २००५ चा केंद्रीय कायदा सांगतो की, न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला सुरक्षारक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून नेमता येणार नाही. मुंबई-पुण्यात कमी शिकलेल्या माणसाला झटकन मिळणारी नोकरी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, आणि नेमकं तेच दार बंद. रिक्षा-टॅक्सी चालवायची तर बॅज हवा, बॅजसाठी पोलीस पडताळणी. घरोघरी सामान पोचवणाऱ्या कंपन्याही पार्श्वभूमी तपासतात. यातल्या काही कामांबाबत सावधगिरी रास्त आहे. मुलांवर अत्याचार केलेल्या माणसाला शाळेच्या बसवर कुणी ठेवू नये. पण वीस वर्षांपूर्वी बांधावरून झालेल्या मारामारीत शिक्षा झालेला शेतकरी आणि सराईत घरफोड्या यांना एकाच चाळणीतून काढणं हा आळस आहे, आणि त्याची किंमत त्यांची मुलं मोजतात.

औंधच्याच मुलखात दुसरा प्रयोग झाला तो १९३९ च्या सुमारास. मॉरिस फ्रीडमन हे वॉर्सात जन्मलेले ज्यू अभियंते. बंगळूरच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यासाठी ते भारतात आले आणि गांधींच्या वर्तुळात रमले. औंधच्या प्रजेला स्वराज्य देणाऱ्या राज्यघटनेच्या कामात त्यांचा हात होता. राजांच्या पाठिंब्याने त्यांनी आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी केली. तिचं नाव स्वतंत्रपूर. माणदेशातली ती कोरडी जमीन कैद्यांनी कसायची, भिंतीशिवाय राहायचं, बायको-मुलांना सोबत ठेवायचं. आटपाडी तालुक्याच्याच मातीत वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाचं कौतुक झालं, लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. पैठणला आणि इतर काही ठिकाणीही खुली कारागृहं आहेत. तिथं पोचतात ते मात्र शिक्षेचा बराच काळ चांगल्या वर्तनाने काढलेले निवडक सिद्धदोष बंदी.

बाकीच्यांचं काय होतं ते पाहायला आकडे लागतात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांतले ४,३४,३०२ जण न्यायाधीन, म्हणजे आपल्या बोलीत कच्चे कैदी. चारांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला काम करावं लागतं, त्याला थोडी मजुरी मिळते, त्याच्या हातात एखादं कसब येतं. कच्च्या कैद्याला काम बंधनकारक नाही, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला बराकीतला रिकामा वेळ येतो. दोन-तीन वर्षांनी तो जामिनावर किंवा निर्दोष सुटतो, तेव्हा आधीची नोकरी गेलेली असते, खोलीचं भाडं थकून खोली गेलेली असते, आणि पुनर्वसनाच्या ज्या काही सरकारी योजना आहेत त्या प्रामुख्याने शिक्षा भोगून आलेल्यांना समोर ठेवून आखलेल्या. ज्याला कायद्याने दोषी म्हटलेलंच नाही, त्याच्यासाठी सर्वांत कमी तरतूद, ही गोष्ट मला सर्वांत जास्त सलते.

कागदांचं झेंगट त्याहून वेगळं. काही महिने न वापरलेलं सिमकार्ड बंद पडतं आणि तो नंबर कंपनी दुसऱ्याला देते. आधार, बँकेचं खातं, सगळं त्याच नंबराला जोडलेलं. ओटीपी भलत्याच्याच फोनवर जातो. आधारवर नवा पत्ता घालायचा तर पुरावा मागतात, आणि पत्ता म्हणून सांगायला घर नसतं. पगार खात्यात जमा करणाऱ्या कुठल्याही मालकाकडे जाण्याआधी या माणसाला आठवडेच्या आठवडे रांगांत घालवावे लागतात, आणि त्या आठवड्यांत खायचं काय?

आतल्या कामाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. येरवड्याचे गालिचे, सुतारकाम, नाशिकरोडच्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती यांची वाखाणणी होते, दिवाळीच्या सुमारास कारागृहाच्या वस्तूंची विक्री भरते आणि घेणारे आवडीने घेतात. हात चांगले आहेत यात शंका नाही. तरी आतला कारखाना बराचसा सरकारी मागणीवर चालतो. लाकूड, अवजारं, गिऱ्हाईक, सगळं सरकार पुरवतं. बाहेर आल्यावर त्याच सुताराला करवत-रंध्यापासून सुरुवात करायची असते आणि कामं प्लायवूडच्या मॉड्युलर फर्निचरची असतात. भाव कसा सांगायचा, उधारी कशी वसूल करायची, हे आत शिकवलं जात नाही. रोजची मजुरी वर्षानुवर्षं शंभर रुपयांच्याही आत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं होतं की, सक्तमजुरी करणाऱ्या बंद्याला न्याय्य वेतन मिळालं पाहिजे. त्याच्या जेवणखाणाचा खर्च वजा करा, काही हिस्सा गुन्ह्याच्या बळींसाठी बाजूला काढा. हा बळींचा हिस्सा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला सुटलेल्या कैद्याच्या नोकरीबद्दल राग असू शकतो, आणि त्या रागाला गप्प बसवून हा प्रश्न सुटणार नाही.

तुरुंगात काम वाटतानाही जात पाहिली जायची. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी ते उघडकीला आणलं आणि न्यायालयात नेलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतले जातीवर काम ठरवणारे नियम घटनाबाह्य ठरवले. आत सफाईच करायला लावलेला माणूस बाहेर येताना सफाईचाच अनुभव घेऊन येतो, हे त्या निकालामुळे निदान कागदावर थांबलं. त्याच निकालाने विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणाऱ्या नोंदींवरही बोट ठेवलं. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, पण पारधी तरुण सुटून पालावर परततो तेव्हा पुढच्या चोरीला पहिलं बोलावणं त्यालाच येतं. हद्दपारीचा हुकूम निघाला तर दोन वर्षांपर्यंत जिल्हाच सोडावा लागतो. लागलेली नोकरी तिथंच संपते.

चांगल्या गोष्टीही घडल्या आहेत. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. सात टक्के व्याजाने पन्नास हजारांपर्यंत कर्ज, तारण नाही, परतफेड तुरुंगातल्या मजुरीतून. रक्कम लहान आहे, पण एका बँकेने कैद्याला कमावता माणूस म्हणून खतावणीत घेतलं. आतून हप्ते फेडणाऱ्याचा हा हिशेब सुटकेनंतर त्याच्या धंद्याच्या कर्जासाठी पत म्हणून धरला गेला, तर ती योजना खऱ्या अर्थाने मोठी होईल.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंग, न्यायालय आणि पोलीस ठाण्यांत समाजकार्यकर्ते पाठवतो. त्यांच्या पद्धतीतली मला पटलेली गोष्ट अशी की, सुटलेल्या माणसाला थेट बाजारात ढकलण्याआधी काही काळ विद्यावेतनावर एखाद्या संस्थेत काम दिलं जातं. वेळेवर यायचं, साहेब ओरडला तरी टिकायचं, रजा कशी मागायची, ही सवय तुरुंगाने मोडलेली असते. आत उठण्यापासून झोपण्यापर्यंत सगळं दुसरा ठरवतो; बाहेर रोज पन्नास निर्णय स्वतः घ्यावे लागतात. ती सवय परत जुळेपर्यंत चुका पोटात घालणारं कुणीतरी लागतं.

कायद्यातही धागे आहेत. १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या बाराव्या कलमानुसार, परिवीक्षेवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलांसाठी तशीच तरतूद आहे. पण तुरुंगवास भोगलेल्या प्रौढासाठी, इतकी वर्षं नीट वागलास, आता तो डाग सांगायची गरज नाही, असं म्हणणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये तो १९७४ पासून आहे. त्याच देशात जोडे दुरुस्त करणाऱ्या आणि किल्ल्या बनवणाऱ्या टिम्पसन या दुकानांच्या साखळीत दहातला साधारण एक कर्मचारी तुरुंगातून आलेला असतो. गिऱ्हाईक आपल्या घराची किल्ली त्याच्या हातात देतं. त्या कंपनीचे प्रमुख जेम्स टिम्पसन २०२४ साली तिथले तुरुंगमंत्री झाले.

आपल्याकडे सरकारी नोकरीत दडवलेल्या जुन्या गुन्ह्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात विवेक वापरा असं सांगितलं: तरुणपणी घोषणा दिल्याचा किरकोळ खटला आणि गंभीर गुन्हा एका मापाने मोजू नका. सुरक्षारक्षकांच्या कायद्यात तसा विवेक घालायला, गुन्ह्याचं स्वरूप आणि उलटलेली वर्षं पाहून अपात्रता ठरवायला एक दुरुस्ती पुरेल.

कायदा बदलेपर्यंत काम द्यायचं ते एमआयडीसीतल्या लहान कारखानदारांनी, गॅरेजवाल्यांनी, बेकरीवाल्यांनी. त्यांनी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ. पहिला महिनाभर पगार आठवड्याला द्यावा, कारण या माणसाकडे महिनाअखेरीपर्यंत तग धरायला काहीच नसतं. आणि जामिनावर असलेल्याला कोर्टाच्या तारखेची रजा बिनबोभाट द्यावी. तारीख चुकली तर वॉरंट निघतं, कामावर गैरहजर राहिला तर नोकरी जाते, आणि बऱ्याच जणांची नोकरी तारखेच्या दिवशीच जाते.