गाजलेला व्हिडिओ आणि पडलेले मत

2019च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात ज्याची सर्वांत जास्त चर्चा झाली, तो प्रचार एकही उमेदवार उभा न केलेल्या पक्षाचा होता. मनसेचे राज ठाकरे ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत, पडद्यावर मोदींची जुनी आश्वासने झळकत आणि त्या फिती लगेच मोबाइलवर फिरू लागत. मेळघाटातल्या हरिसाल या ‘डिजिटल गावा’च्या जाहिरातीतला तरुणच त्यांनी व्यासपीठावर आणला. जाहिरातीला इतके चोख उत्तर मराठी राजकारणाने क्वचितच पाहिले असेल. तरीही भाजप-शिवसेना युतीने 48 पैकी 41 जागा जिंकल्या. राज यांच्या सभा झालेल्या नांदेड आणि सोलापुरात काँग्रेसचे अशोक चव्हाण व सुशीलकुमार शिंदे हे दोन माजी मुख्यमंत्री पडले. तिथे वंचित बहुजन आघाडीने मते खाल्ली, असे कोणी म्हणेल. खरेच आहे, पण मग निकाल जमिनीवरच्या मतविभागणीने लावला, पडद्याने नाही.

त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलत राहिले आणि ते दृश्य रात्रीतून घरोघरी पोचले. तिथल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांचा पक्ष सोडून भाजपमध्ये गेलेले उदयनराजे भोसले हरले. विधानसभेत राष्ट्रवादी 41वरून 54 जागांवर गेली. हे श्रेय त्या चित्रफितीला देण्याचा मोह होतो. पण पक्षातून एकामागून एक नेते निघून चालले होते, ईडीने पवारांवर गुन्हा नोंदवला होता आणि त्याची चीड कार्यकर्त्यांत आधीपासून होती. दृश्याने त्या चिडीला चेहरा दिला, इतकेच. चीड नसती तर पाऊस हा पाऊसच राहिला असता. 2004 साली ‘इंडिया शायनिंग’ची चकचकीत मोहीम राबवूनही वाजपेयी सरकार गेले, ते याच कारणाने: जाहिरातीतली चमक अनेकांच्या अनुभवात नव्हती.

मग 2014चे काय? चाय पे चर्चा, होलोग्राम सभा, ‘अब की बार मोदी सरकार’ हे सगळे झाले आणि भाजपला स्वबळावर बहुमत मिळाले. मात्र महागाई आणि घोटाळ्यांवरचा संताप त्या मोहिमेने निर्माण केला नव्हता. तिने तो एका नावाशी जोडला. अमेरिकेतल्या कॅला आणि ब्रूकमन या अभ्यासकांनी 2018 साली 49 प्रत्यक्ष प्रयोग तपासले, तेव्हा सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराने मत बदलण्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. अमेरिकेचे मतदार पक्षांना घट्ट धरून असतात, म्हणून तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. दिशा मात्र ओळखीची वाटते.

सर्वांत कठीण आक्षेप धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा आहे. मोबाइलवरचे संदेश इतके दुबळे असतील, तर 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने तिथे पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव कसा घेतला? इथे जाहिरात आणि फॉरवर्ड यांतला फरक कळतो. जाहिरात परका माणूस करतो. फॉरवर्ड भाऊ, मास्तर, सोसायटीचा चेअरमन पाठवतो. फेसबुकने 2010मध्ये अमेरिकेत सहा कोटींहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगातही हेच दिसले: मतदान केलेल्या मित्रांचे चेहरे दाखवणाऱ्या आवाहनाने मतदान थोडे वाढले, चेहऱ्यांविना तेच आवाहन जवळपास वाया गेले. पक्षांच्या वॉर रूमना हे पक्के ठाऊक असते. म्हणून बूथप्रमुखाने गावाचा, भावकीचा, बचत गटाचा ग्रुप सांभाळणे त्यांना झगमगत्या जाहिरातीइतकेच मोलाचे वाटते. मतदाराचे मन वळवण्यापेक्षा आपला मतदार ओळखून त्याला केंद्रापर्यंत आणणे, हे या साधनाचे खरे काम.

त्यामुळे ‘लोक फसवले जातात’ या तक्रारीपेक्षा पैसा कुठून येतो आणि संदेश कोण पेरतो, हे विचारणे मला महत्त्वाचे वाटते. फेसबुकवरच्या राजकीय जाहिरातीचे पैसे कोणाच्या नावाने भरले, हे मेटाच्या जाहीर संग्रहात शोधता येते. व्हॉट्सॲपवर हातोहात फिरणाऱ्या मजकुराला असा संग्रह नाही. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात 40 लाखांची खर्चमर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला कायद्यात मर्यादाच नाही. निवडणूक आयोग 2013पासून उमेदवाराकडून त्याच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात मागतो. गावोगावचे ग्रुप चालवणाऱ्यांना कोण पैसे देतो, हा रकाना त्या प्रतिज्ञापत्रात नाही.