इतिहासाचे बिनपगारी चिटणीस

सहा दिवस विरार लोकलच्या गर्दीतून मुंबई गाठायची आणि सातव्या दिवशी, हक्काच्या विश्रांतीच्या वेळी, कुणाच्या तरी माळ्यावरची जुनी पेटी उघडून मोडी कागदांवरची धूळ झटकायची. हा दिनक्रम स्वखुशीने पत्करणारी माणसे वसई-विरार परिसरात आजही भेटतात. त्यांत निवृत्त बँक कर्मचारी असतात, शिक्षक असतात, धर्मगुरू आणि बागायतदारही असतात. स्थानिक इतिहास आणि लोकसंस्कृती जपणाऱ्या छोट्या-मोठ्या मंडळांचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार अशी पदे ही मंडळी सांभाळतात. मानधन नाही, कार्यालय बहुधा कुणाच्या तरी घरातील एक खोली आणि शिपायापासून संपादकापर्यंतची सारी कामे स्वतःच्याच शिरावर. ही माणसे नेमके करतात काय, कायदा त्यांच्याकडून कशाची अपेक्षा करतो आणि ती थांबली तर काय हरवते, हे समजून घेण्याजोगे आहे.

हौशींची जुनी परंपरा

वसईचा इतिहास प्रथम पद्धतशीरपणे लिहिणाऱ्यांमध्ये ज्यांचे नाव घेतले जाते ते जर्सन दा कुन्हा हे पेशाने डॉक्टर होते. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थांनी चौल आणि वसईच्या प्राचीन अवशेषांवरील आपला इंग्रजी ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८२ साली, नालासोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

सोपाऱ्याचे हे उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. ज्या टेकाडाखाली स्तूप होता, त्याला गावकरी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. त्या जागी एके काळी काहीतरी मोठे होते, ही स्मृती लोकांनी एका दंतकथेतील राजाच्या नावाने जपली होती. पंडितजींनी तेथे खणले आणि आत अस्थिकरंडक मिळाला. आज तो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. लोककथेतला राजा खरा ठरला नाही, पण लोककथेने दाखवलेली जागा मात्र खरी ठरली. इतिहास आणि लोकसाहित्य ही दोन्ही कामे एकाच मंडळाने का करावीत, याचे उत्तर या एका टेकाडात मिळते.

संस्थात्मक कामाचा पाया महाराष्ट्रात पुण्याने घातला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या पुढाकाराने १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनीच १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ संपादून छापली. उत्तर कोकणातील वसाहतींची आणि कुळांची हकिकत सांगणारी ही बखर वसई-पालघर पट्ट्यातील अभ्यासकांना आजही टाळता येत नाही. १९२६ च्या अखेरीस राजवाडे निवर्तले आणि १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. आयुष्यभर पायपीट करून जमवलेली त्यांची कागदपत्रे त्यामुळे वाचली. संशोधक एकटा असू शकतो, पण त्याच्या पश्चात त्याचे काम टिकायचे तर संस्था लागते, हा धडा तेव्हापासूनचा आहे. दत्तो वामन पोतदारांनी पुण्याच्या मंडळाचे चिटणीसपद दीर्घकाळ सांभाळले, तेही याच जाणिवेने.

पद मानाचे, काम कारकुनीचे

अध्यक्षपद म्हणजे हारतुरे आणि भाषणे, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात अशा मंडळाचा बराचसा वेळ कागदी कामात जातो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार संस्था नोंदवण्यासाठी किमान ७ सदस्य लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमही लागू होतो. दरवर्षी हिशेब तपासून घेणे, इतिवृत्त लिहिणे, सर्वसाधारण सभा बोलावणे हे ओघानेच येते. पदाधिकारी बदलले तर त्याचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे दाखल करावा लागतो.

अनेक मंडळांची गाडी येथेच अडते. जुना चिटणीस निवर्ततो, नव्याची नोंद होत नाही, बँकेतील खात्यावर सही कुणाची हा प्रश्न उभा राहतो आणि पैसे असूनही अंक छापता येत नाही. सभासदांचा उत्साह ओसरण्याआधी संस्थेचा कारभार थांबलेला असतो.

इतर कायदेही ठाऊक असावे लागतात. वसईचा किल्ला केंद्र संरक्षित स्मारक आहे. तेथे श्रमदान करायचे झाले तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी हवी. भिंतीतून निघालेले झाड उपटणे किंवा ढासळलेला चिरा पुन्हा बसवणे, ही कामे हौसेने करण्याची नव्हेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकांभोवतीचा १०० मीटरचा पट्टा बांधकामासाठी प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा नियंत्रित मानला जातो. शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, मूल्य १० रुपयांहून अधिक असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. सापडलेली वस्तू मंडळाच्या कपाटात ठेवून घेणे म्हणजे इतिहासाची सेवा नव्हे, हे सभासदांना समजावून सांगण्याचे अप्रिय कामही अध्यक्षालाच करावे लागते.

वीट थांबते, ओवी थांबत नाही

या मंडळांपुढील खरी निकड मात्र दगडविटांची नाही. किल्ल्याचा बुरूज आणखी दहा वर्षे उभा राहील. लग्नातील हळदीची गाणी तोंडपाठ असलेली आजी तेवढी थांबेलच असे नाही. वसई परिसरात सामवेदी अर्थात कादोडी, वाडवळी, आगरी, कोळी, वारली अशा बोली नांदतात. त्यांतील गाणी, म्हणी, कोडी, शेतीचे आणि मासेमारीचे शब्द बहुतांशी बोलण्यातच राहिले आहेत. घरात इंग्रजी आणि प्रमाण मराठी आली की नातवंडांपर्यंत ते पोहोचत नाहीत.

लोकसाहित्य गोळा करण्याची शिस्त महाराष्ट्राला नवी नाही. दुर्गा भागवत यांनी या विषयाची शास्त्रीय मांडणी केली, तर सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीच्या द्वारे गावोगावचे साहित्य छापून आणले. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. या कामाचे मर्म एवढेच की, गाणे नोंदवताना गाणारीचे नाव, गाव, तारीख आणि तिची संमतीही नोंदवायची. केवळ मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवले, तर वर्षभरात यंत्र बदलते आणि गाणे हरवते. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे, बोलीतील शब्दांचे अर्थ त्याच बैठकीत विचारून घेणे, या साध्या सवयी लावणारा चिटणीस मंडळाला लाभला तर संग्रह टिकतो.

सर्वांची वसई

वसईत अशा संस्थेचे नेतृत्व करणे अधिक जोखमीचे आहे, कारण येथील इतिहास एकरंगी नाही. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, निर्मळला तीर्थक्षेत्राची परंपरा आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह याच वसईच्या नावाने ओळखला जातो. विजयानंतर येथील चर्चमधील घंटा मराठी मुलखातील देवळांत पोहोचल्या. नाशिकची प्रसिद्ध ‘नारोशंकराची घंटा’ त्यांतीलच मानली जाते.

एका घरात जो विजयदिन, तोच दुसऱ्या घरात वेगळ्या आठवणीने सांगितला जाऊ शकतो. दोन्ही आठवणी लिहून घेणे आणि त्यांतील कोणती गोष्ट कागदाने सिद्ध होते व कोणती श्रद्धेने चालत आली, हे स्पष्ट नोंदवणे, ही मंडळाची कसोटी असते. मोडी वाचणारा आणि पोर्तुगीज जाणणारा अशी दोन माणसे एका टेबलाशी बसली, तर वसईचा इतिहास पुरा होतो. अध्यक्षाची निष्ठा कोणत्या समाजाशी, यापेक्षा ती पुराव्याशी आहे की नाही, हे महत्त्वाचे. देणगीदार किंवा राजकीय पुढारी आपल्या सोयीचा इतिहास मागू लागतात, तेव्हा नम्रपणे नकार देण्याचे बळ या बिनपगारी पदाला लागते.

पुढचा चिटणीस कोण?

२००९ साली चार नगर परिषदा आणि लगतच्या ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांपुढे गेली होती. नव्याने आलेल्या बहुसंख्य रहिवाशांना स्थानकाचे नाव ठाऊक असते, गावाची गोष्ट नसते. दुसरीकडे मंडळांच्या सभांना येणाऱ्यांचे केस पांढरे होत चालले आहेत. संस्थेचा सारा पत्रव्यवहार, संग्रहाची यादी आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असली, तर त्याच्या आजारपणात मंडळही अंथरुणाला खिळते.

उपाय अवघड नाहीत. संग्रहाची छापील यादी करणे, मूळ कागद ग्रंथालयाकडे किंवा महाविद्यालयाकडे लेखी कराराने सोपवणे, पदांची मुदत ठरवून सहचिटणीस म्हणून तरुणाला बरोबर घेणे, एवढ्याने बरेच साधते. नव्या रहिवाशांनाही या कामात जागा आहे. हिशेब ठेवणे, ध्वनिमुद्रणे संगणकावर लावणे, पत्रे टंकलिखित करणे यासाठी येथील सात पिढ्यांची साक्ष लागत नाही. वर्गणी भरून वार्षिक सभेला हजर राहणे, ही त्यातील पहिली पायरी.

बुरूड राजाच्या कोटाचे नाव पिढ्यान् पिढ्या सांगणाऱ्या सोपारकरांपैकी एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही. पंडितजींना टेकाडापर्यंत पोहोचवले ते त्यांनीच. आजचे चिटणीस त्यांचेच वारस आहेत. फरक एवढाच की, पुढच्या पंडितासाठी गोष्ट सांगणाऱ्याचे नावही वहीत लिहून ठेवण्याची सोय आता आहे.