चिमूटभर खर्रा, खोलीभर दोस्ती

चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी १ एप्रिल २०१५ला लागली आणि २०२१मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३पासून आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच, सिमेंटच्या धुळीतल्या गडचांदूरने बंदीचा आणि बंदी उठल्यानंतरचा असे दोन्ही काळ पाहिले. पानठेल्यावरचा खर्रा मात्र या सगळ्यात जागचा हलला नाही.

सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून बांधलेली ही पुडी सहसा एकट्याने संपत नाही. विद्यार्थ्यांच्या खोलीत उघडली की चिमूट पुढे येते. खेड्यातून शिकायला प्रथमच घर सोडून आलेल्या पोराला ‘नको’ म्हणणं म्हणजे दोस्ती नाकारल्यासारखं वाटतं. मग एकटेपणा, परीक्षेची धास्ती, घरून आलेल्या पैशांचं ओझं, सगळ्यावर तोच उतारा. फसगत इथेच आहे: निकोटिन उतरलं की बेचैनी वाढते, पुढच्या चिमटीने ती शमते आणि पोराला वाटतं, टेन्शन गेलं!

शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला कायद्याने मनाई आहे. गडचिरोलीत २०१६पासून ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ अभियान दारू आणि तंबाखू दोन्हींविरुद्ध चालतं.

मदतीसाठी मोफत फोन: व्यसनमुक्ती १४४४६, मानसिक ताणासाठी टेली-मानस १४४१६. टेली-मानसवर मराठीतही बोलता येतं.