नटाचं घर

डोक्यावर छप्पर शोधत फिरणारा म्हातारा नट मराठी रंगभूमीला दिला तो नाशिकच्या लेखकानं. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1970 रोजी मुंबईत झाला आणि डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. याच नाशिकमध्ये वसंत कानेटकर प्राध्यापकी करता करता ‘वेड्याचं घर उन्हात’ आणि ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहीत होते. दोन मोठे नाटककार एकाच वेळी या गावात नांदले. अशा गावानं नटाला कोणतं घर दिलं, याचं उत्तर शालिमारजवळ उभं आहे. ते म्हणजे महापालिकेचं महाकवी कालिदास कलामंदिर.

नाशिकला नाटकाचं वेड त्याच्या फार आधीचं. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री इथल्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘शारदा’चा प्रयोग होता. बदली होऊन निघालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा तो समारंभ. तिथंच अनंत कान्हेरे या तरुणानं जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. शाळेच्या पुस्तकात ही घटना क्रांतिकारकांच्या पानावर येते. नाटकाच्या माणसाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते: सगळं गाव एका छपराखाली जमण्याची जागा तेव्हाही नाट्यगृह हीच होती.

1840 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयानं पुढे टिळक पथावरच्या आपल्या आवारात परशुराम साईखेडकर नाट्यगृह चालवलं. राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा 1954 पासून सुरू आहे. तिच्या नाशिक केंद्रावरच्या कितीतरी प्राथमिक फेऱ्या याच रंगमंचावर झाल्या. ते घर वाचकांच्या संस्थेचं. नाशिक महापालिका 1982 मध्ये अस्तित्वात आली, आणि तिनं सांभाळलेलं कालिदास हे करदात्यांचं घर. तिकीट काढून आत येणारा प्रेक्षक इथं एका अर्थानं मालकही असतो.

वास्तूला कालिदासाचं नाव नाशिकला शोभतं. शिरवाडकरांनी, म्हणजे कवी कुसुमाग्रजांनी, ‘मेघदूत’ मराठीत आणलं. शिवाय कालिदासाची नाटकं ज्या परंपरेत खेळली गेली, तिनं नाट्यगृहाचं शास्त्रच लिहून ठेवलं होतं. भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात मध्यम आकाराच्या लांबट नाट्यमंडपाचं माप येतं: 64 हात लांब, 32 हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर सुमारे 96 फूट बाय 48 फूट. निम्मी जागा प्रेक्षकांना, निम्मी रंगपीठ, रंगशीर्ष आणि नेपथ्यगृहाला. यापेक्षा मोठा मंडप बांधला तर नटाचा आवाज आणि चेहऱ्यावरचे भाव मागच्यापर्यंत पोचत नाहीत, असा इशाराही भरत देतो. तेव्हा नेपथ्य म्हणजे नटांची वेशभूषेची जागा. आज आपण तोच शब्द सेटसाठी वापरतो.

आजच्या नाट्यगृहाची ठेवण युरोपीय वळणाची, समोर चौकट असलेली. पण निम्मी इमारत प्रेक्षकाला दिसत नाही हे तेव्हासारखंच. दर्शनी पडद्यामागे दोन्ही बाजूंना विंगा असतात, वर दिवे लपवणाऱ्या झालरी, मागे रंगपटाच्या खोल्या. प्रयोगाच्या काही तास आधी नेपथ्याचा टेम्पो मागच्या दाराला लागतो. सेट लागतो, दिवे बांधले जातात, माईक तपासले जातात. मग नारळ, धूप, पहिली घंटा. तिसऱ्या घंटेला प्रेक्षागृह अंधारतं. मुंबई जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवर, त्यामुळे प्रयोग संपला की अनेकदा त्याच रात्री सेट उतरवून मंडळी परतीला लागतात. विंगेत टेम्पोतला सोफा वळवायला जागा आहे का, मेकअपच्या आरशावर दिवा आहे का, स्त्री कलाकारांसाठी स्वच्छतागृह धड आहे का, यावर नाट्यगृहाची खरी परीक्षा होते. दर्शनी भागाची शोभा त्यानंतर.

या परीक्षेत सार्वजनिक नाट्यगृहं महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कमी पडत आली. खुर्च्या मोडतात, वातानुकूलन बंद पडतं, ध्वनियंत्रणा खरखरते, आणि दुरुस्तीची फाईल फिरत राहते. नाशिकनं स्मार्ट सिटी योजनेतून कालिदासचं नूतनीकरण हाती घेतलं आणि 2018 मध्ये नव्या रूपात पडदा उघडला. त्या पाठोपाठ भाडेवाढीचा प्रश्न उभा राहिला आणि शहरातल्या रंगकर्मींनी विरोधात आवाज उठवला. मला तो वाद या वास्तूच्या चरित्रातला महत्त्वाचा प्रवेश वाटतो. चकचकीत केलेल्या घरात हौशी संघाला पाऊलच टाकता आलं नाही, तर ते घर कोणासाठी?

नामवंत नटाचं नाटक वाढीव भाडं कदाचित तिकिटातून भरून काढेल. नोकरी सांभाळून रात्री तालीम करणारा, पदरमोड करून एक प्रयोग उभा करणारा गट ते कुठून भरेल? आणि उद्याचे लागू, उद्याचे कानेटकर याच गटांतून यायचे असतात. सार्वजनिक पैशानं नाट्यगृह चालवायचं ते याचसाठी. उद्यानाचा हिशेब आपण नफ्यात करत नाही, वाचनालयाचाही करत नाही.

करोनाच्या काळात राज्यातल्या नाट्यगृहांचे पडदे मिटले. मधल्या थोड्या काळाची उघडझाप सोडली, तर 22 ऑक्टोबर 2021 रोजी ते पुन्हा उघडले, तेही निम्म्या आसनांसाठी. त्या दीड वर्षात रंगमंच कामगारांची रोजची मिळकत थांबली होती. घर बंद झालं की पोटही बंद होतं, हे तेव्हा उघड दिसलं.

गणपतराव बेलवलकर आयुष्यभर रंगमंचावर राजे होते, पण उतारवयात त्यांना आसरा मिळाला नाही. त्यांचं दुःख ज्या गावात लिहिलं गेलं, त्या गावानं एवढं तरी पाळावं: कालिदासच्या रंगपटातला आरशावरचा दिवा लागलेला असावा, आणि पहिल्यांदाच तोंडाला रंग लावणाऱ्या पोरालाही त्या आरशासमोर बसायला जागा मिळावी.