एका घरातली तीन ग्रेडकार्डं

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून आम्ही घरी येतो तोच आमची एक जुनी विद्यार्थिनी दारात उभी. मालवणातच राहते, दोन मुलांची आई, नवरा कुवेतला. घरी शिकवण्या घेते. हातात प्लास्टिकची फाइल होती. आली होती धाकट्या भावासाठी.

"सर, याला किती टक्के पडले ते सांगा. फॉर्मात टक्के मागतायत आणि कार्डावर नुसते ए, बी आणि सहा पॉइंट काहीतरी."

फाइलीत तिची स्वतःची आणि मधल्या भावाचीही ग्रेडकार्डं होती. आम्ही सगळी टेबलावर मांडली. घर एक, विद्यापीठही एकच, मुंबईचं. पण मोजमापं तीन. ती 2011 साली कॉलेजात गेली, मधला 2016 ला, धाकटा 2024 ला, आणि दर वेळी पद्धत नवी होती.

कार्डं चाळता चाळता ती सहज म्हणाली, "मलाही बीएड करायचं होतं. पण मला बेचाळीसच टक्के होते ना."

तिचा सीजीपीए 4.21 होता. कुणीतरी त्याला दहाने गुणलं होतं. तिच्याकडे परत येऊच, आधी ही भानगड काय आहे ते पाहू.

दहावी-बारावीला आपल्या राज्य मंडळाच्या मुलांना गुण आणि टक्के मिळतात, त्यामुळे कॉलेजच्या पहिल्या निकालाला घर गोंधळतं. तिथे प्रत्येक विषयाला दोन गोष्टी असतात. एक क्रेडिट, म्हणजे श्रेयांक: त्या विषयाचं वजन. दुसरी श्रेणी, आणि तिचे ठरलेले श्रेणीगुण. विषयाचे श्रेणीगुण गुणिले त्याचे क्रेडिट, अशा सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. आला तो त्या सत्राचा एसजीपीए. बाजारात आपण दोन किलो बांगडा आणि अर्धा किलो सुरमई घेतली, तर किलोमागे सरासरी किती पडले हे काढताना दोन्ही भावांची नुसती बेरीज करून दोनने भागत नाही. वजन धरतो. इथेही तेच.

मधल्या भावाचं बी.कॉम.चं पहिलं सत्र घेऊ. त्याच्या वेळी दहाचं माप होतं: 80 च्या वर 10, 70 च्या वर 9, 60 च्या वर 8, 55 च्या वर 7, 50 च्या वर 6, 45 च्या वर 5, 40 च्या वर 4, त्याखाली शून्य. त्याला अकाउंटन्सीत 62, कॉमर्समध्ये 58, अर्थशास्त्रात 51, बिझनेस कम्युनिकेशनमध्ये 48, पर्यावरणात 65, गणितात 41. हे सहाही विषय तीन-तीन क्रेडिटचे. फाउंडेशन कोर्स दोन क्रेडिटचा, त्यात 72. श्रेणीगुण झाले 8, 7, 6, 5, 8, 4 आणि 9. पहिल्या सहांची बेरीज 38, तिप्पट 114. त्यात 9 दुणे 18. एकूण 132, भागिले 20 क्रेडिट. एसजीपीए 6.60.

आता गंमत पाहा. 6.60 ला दहाने गुणलं तर 66 टक्के होतात. पण त्याचे खरे गुण मोजा: 700 पैकी 397, म्हणजे 56.71 टक्के. त्या वर्षी एका शिष्यवृत्तीला साठ टक्क्यांची अट होती. यानं 66 लिहिले, कागदपत्रं तपासताना अर्ज बाद झाला, वर खोटी माहिती दिल्याचा ठपका. मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याच्या अब्बांनी मात्र आठवडाभर त्याच्याशी धड बोलणं टाकलं होतं, हे बहिणीनं आता हसत सांगितलं.

काही जण 9.5 ने गुणतात. तो आकडा सीबीएसईचा. 2010 ते 2017 या काळात त्या मंडळाच्या दहावीला सीजीपीए असे, आणि सर्वात वरच्या श्रेणीतल्या मुलांच्या सरासरी गुणांवरून तो काढला होता. मुंबई विद्यापीठाच्या कार्डाशी त्याचा काही संबंध नाही. परदेशातले नातेवाईक "चारपैकी किती?" विचारतात, कारण अमेरिकेत माप बहुधा चारचं असतं. आपल्या आकड्याला अडीचने भागून त्यांना उत्तर देऊ नये.

श्रेणीगुण पट्ट्यांवर मिळतात, हेही मुलांना सांगून ठेवावं. 62 चे 69 झाले तरी 8 चे 8 च राहतात. पण याच मुलाला कॉमर्समध्ये दोन, कम्युनिकेशनमध्ये दोन आणि गणितात चार गुण जास्त मिळाले असते, तर एसजीपीए 6.60 वरून 7.05 झाला असता. टक्के वाढले असते जेमतेम सव्वा. नुसता पट्टा गाठण्यासाठी अभ्यास करणं आम्हाला शिक्षक म्हणून आवडत नाही. पण 48 वर अडकलेल्या मुलाला ते न सांगणं त्याहून वाईट.

सगळ्या सत्रांचा मिळून सीजीपीए. प्रत्येक सत्राचा एसजीपीए त्या सत्राच्या क्रेडिटने गुणून तसाच काढायचा.

धाकट्याचं कार्ड नव्या शैक्षणिक धोरणातलं. त्यात मुख्य विषयाच्या पेपरला चार क्रेडिट आणि इतर बऱ्याच पेपरांना दोन. मधल्याच्या वेळी जवळपास सगळे विषय तीनचे होते, त्यामुळे साधी सरासरीही उत्तराच्या आसपास जाई. आता जात नाही. दोन क्रेडिटच्या पेपरात चमकून चार क्रेडिटच्यात घसरलं की आकडा खाली येतो. पट्टे कोणते, हे त्याच्याच कार्डावर पाहायचं. दादाचा तक्ता त्याला लावायचा नाही.

आता तिचं कार्ड. 2011-12 मध्ये मुंबई विद्यापीठानं श्रेणी पद्धत आणली तेव्हा माप दहाचं नव्हतं, सातचं होतं. 70 च्या वर 7, 60 च्या वर 6, 55 च्या वर 5, 50 च्या वर 4, 45 च्या वर 3, 40 च्या वर 2. 4.21 म्हणजे सातपैकी 4.21. बीएडला खुल्या प्रवर्गात पदवीला पन्नास टक्के लागतात. आम्ही कॅल्क्युलेटर तिच्याच हातात दिला. सहा सत्रांचे गुण तिनं एकेक करून मिळवले. शेवटचं वर्ष धरा की तिन्ही वर्षं, पन्नासच्या वरच. सहा सत्रांचे मिळून 52 टक्के.

तिनं बेरीज पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा केली. काही बोलली नाही.

2014 साली निकाल लागला तेव्हा ती आमच्याकडे पेढे घेऊन आली होती. आम्ही पेढा खाल्ला, दुआ दिली. कार्ड उघडून पाहिलं नाही. बीएडचं काय ठरवलंस, एवढंही विचारलं नाही. लग्न ठरत होतं, म्हणून गप्प बसलो असू.

फॉर्मात टक्के मागितले असतील तर घरचा गुणाकार लिहू नये. गुणांची बेरीज कार्डावर असेल तर ती घ्यावी, नाहीतर विद्यापीठानं त्या त्या तुकडीसाठी दिलेलं सूत्र वापरावं. कॉलेजकडून टक्क्यांचं पत्र घ्यावं हे सर्वात बरं. आखातात नोकरीसाठी कागद पाठवतानाही ते पत्र सोबत असलं की प्रश्न कमी येतात.

सोमवारी ती दोन्ही भावंडांची आणि स्वतःची कार्डं घेऊन कॉलेजात गेली. पत्राला आठवडा लागेल म्हणाले. बीएडच्या पुढच्या सीईटीचे अर्ज कधी सुटतात, ते धाकटा मोबाइलवर पाहतो आहे.