'मीन' म्हणजे काय रे भाऊ?

ऑफिसात दिवसाला किती वेळा 'आय मीन' म्हणता? मोजून बघा एकदा. मीटिंगमध्ये अडखळलात की 'आय मीन', बॉसने भुवया उंचावल्या की 'आय मीन'... इतका घासून गुळगुळीत झालेला शब्द आपल्याला येतो, असं वाटतं ना? मग ही गोष्ट ऐका.

माझा एक मित्र पुण्यात आयटीत आहे. सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू, गल्लीत मराठी. सोमवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस गाठणाऱ्यांपैकी एक. घरी आई आजारी, त्यामुळे डोक्याला टेन्शन. एका रात्री त्याने मॅनेजरला मेल टाकला : 'आय मीन टु लीव्ह आफ्टर दिवाळी.' आठवड्याभरात त्याच्या जागेसाठी इंटरव्ह्यू सुरू! गडी हादरलाच. त्याला फक्त चाचपून बघायचं होतं, सोलापुरात बसून काम करता येईल का वगैरे. मला फोनवर म्हणाला, "मी नुसतं सोडायचं म्हणतोय, असं लिहिलं बे!"

आणि मला विचाराल तर त्याचं भाषांतर तंतोतंत होतं. मराठीत 'म्हणणे' या एकाच क्रियापदावर दोन कामं आहेत. अर्थ सांगायला 'म्हणजे', आणि मनातला बेत सांगायला 'जायचं म्हणतोय'. इंग्रजी 'मीन'चंही तसंच. 'व्हॉट डज इट मीन' मध्ये अर्थ, 'आय मीन टु' मध्ये हेतू. जोडी अगदी फिट्ट! फरक फक्त वजनाचा. आपलं 'म्हणतोय' हवेत सोडलेलं असतं. उद्या बेत बदलला तरी कोणी जाब विचारत नाही. 'मीन टु' म्हणजे मात्र मनाशी पक्कं केलेलं.

सोलापूरकरांना हे जास्तच अवघड, कारण इथल्या सगळ्या भाषा एकमेकींना सामील! तेलुगूत 'म्हणजे'ला 'अंटे', शब्दशः 'म्हटलं तर'. 'सोडायचं म्हणतोय'ला 'मानेद्दामनुकुंटुन्नानु', म्हणजे 'सोडूया' असं स्वतःशी म्हणतोय. अक्कलकोटकडच्या कानडीत 'अंदरे', तेही 'म्हटलं तर'च. दख्खनी उर्दूतलं 'बोले तो' तर तुम्ही सिनेमातही ऐकलंय. चार भाषा, आणि चारही ठिकाणी अर्थ 'बोलण्या'तून निघतो. इंग्रजीतला 'मीन' वेगळ्या घरचा. त्याचा जर्मन भाऊ 'मायनेन' म्हणजे मत असणं, वाटणं. तिकडे अर्थ डोक्यातून येतो, आपल्याकडे तोंडातून. (कोणतं जास्त भरवशाचं, हा वाद चहावर घालू.)

बरं, खड्डे अजून आहेत. 'मीन' नंतर 'टु' आला तर हेतू, पण 'आयएनजी' आला तर परिणाम. 'टेकिंग धिस जॉब मीन्स लीव्हिंग सोलापूर' यात सोलापूर सोडायची कोणाचीच इच्छा नाही, पण सोडावं लागणार. भूतकाळात तर आणखी गंमत. 'आय मेंट टु कॉल' म्हणजे फोन करायचा होता, केला मात्र नाही. क्लायंटला हे लिहिताना आपण उशिराची कबुली देतोय, हे लक्षात असू द्या. आणि 'यू आर मेंट टु बी हिअर ॲट नाइन' मध्ये हेतू तुमचा नसतोच, कंपनीचा असतो! 'इंटेंड' वापरला तर सुटका? छे, तो अजून कडक. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ताणणं, रोख धरणं. कायद्याच्या इंग्रजीत 'इंटेन्शन' उगाच नाही.

मग 'म्हणतोय'ला इंग्रजीत काय म्हणायचं? 'आय ॲम थिंकिंग ऑफ', बस्स. मित्राने पुढचा मेल तसाच लिहिला, दोन तास फोनवर समजावलं, तेव्हा कुठे नोकरी राहिली. दर महिन्याला एक आठवडा सोलापुरातून काम करायची परवानगीही मिळाली. आईला त्याने ही बातमी सांगितली तर तिचा पहिला प्रश्न : "अंटे?"